दोन स्टॉपचा उजेड

गोंदियाहून परत आल्यापासून सांगलीत मला पाच जणांनी विचारलं, "कशी झाली सहल? फोटो दाखव की!" पाचही वेळा मी सारस पक्ष्यांचा विषय काढला, त्यांचे फोटो पुढे केले आणि चहा टाकायला उठले. सारस मी पाहिले हे खरं आहे. दोन पाहिले, धानाच्या कापून झालेल्या वाफ्यात, तिकडच्या भाषेत बांधीत, इतक्या लांबून की चष्मा पुसून पुन्हा पाहावं लागलं. पण त्या पाच दिवसांत जे झालं त्यात सारसांचा काही हात नव्हता. जे झालं ते सांगायची मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच ते लिहून काढते आहे. तोंडाने सांगायला बसले तर मध्येच कुठेतरी मी सावरून घेईन, हे मला आता पुरतं ठाऊक आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि फोटो अजून फिल्मवर काढते. आमच्या गावातल्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात एक्स्पोजर हा विषय माझा. भिंगावर कुठला फिल्टर लावला की उजेड किती वाढवायचा, यावर मी दर दिवाळीच्या सुट्टीत फळ्यावर आकृत्या काढून व्याख्यान देते. कोणी डुलकी घेतली तर त्याला उठवून प्रश्न विचारते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी कीव करायची कोणाला इच्छा होणार नाही.

आमगाव

कोल्हापूरहून येणारी आमची गाडी गोंदियालाच संपते, त्यामुळे झोप लागून स्टेशन चुकण्याची भीती नाही. गोंदियात मी मराठीत रिक्षा विचारली आणि उत्तर हिंदीत मिळालं. आपल्याच राज्यात आपण परगावचे ठरतो, याची पहिली गंमत तिथे वाटली. तिथून आमगावची गाडी पकडली. माझी कॉलेजातली मैत्रीण माधुरी लग्न होऊन तिथे गेली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि "ये एकदा" म्हणता म्हणता तीही थकली होती. घर पोवारांचं, धानाची शेती. पूर्वज माळव्यातून आले, हे तिच्या सासूबाई अशा सांगतात जणू सामान अजून सोडायचं राहिलं आहे.

डिसेंबर होता. धान घरात आलं होतं आणि रिकाम्या बांध्यांतून लाखोरीची कोवळी रोपं वर आली होती. धान उभं असतानाच ही लाखोरी त्यात फेकून देतात, राहिलेल्या ओलीवर ती आपली आपण येते. आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून जमीन थकवणाऱ्या माणसांना हे पाहायला आणावं, असं मी माधुरीला म्हटलं. त्याच लाखोरीच्या डाळीचे वडे पहिल्या संध्याकाळी झाले आणि मी सात खाल्ले. सकाळी भात, दुपारी भात, रात्रीही भात. तिसऱ्या जेवणाला मी भाकरीची चौकशी केली, तेव्हा सासूबाईंनी काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारस झाले. दुपारी सासूबाईंना कॅमेऱ्यातून पाहायचं होतं म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला, उजेड मोजणारा आतला मीटर चालू करून काटा कसा हलतो ते दाखवलं, आणि गप्पांच्या नादात मीटर तसाच चालू ठेवून कॅमेरा पिशवीत टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी काटा हलेना. बटणाएवढी बॅटरी रात्रभरात संपली होती. आमगावच्या घड्याळवाल्याने ती चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि म्हणाला, "ये साइज अब कौन रखता है मैडम? नागपूर में मिलेगा।"

मला फार वाईट वाटलं नाही. माझ्या कॅमेऱ्याचं शटर बॅटरीवर चालत नाही, फक्त आतला मीटर चालतो. आणि पिशवीत वडिलांचा जुना हातातला मीटर होता, ज्याला बॅटरी लागतच नाही. उजेड पडला की काटा हलतो. या दोन मीटरांत एकच फरक आहे आणि या लिखाणापुरता तो लक्षात ठेवावा. आतला मीटर भिंगातूनच पाहतो, म्हणून भिंगावर तुम्ही काहीही लावलं तरी त्याला आपोआप कळतं. हातातला मीटर बाहेर उभा असतो. भिंगावर काय लावलं आहे हे त्याला माहीत नसतं, तो हिशेब माणसाने डोक्यात करायचा असतो. हे वाक्य माझ्या व्याख्यानात दरवर्षी असतं.

सडक अर्जुनी

तलाव पाहायचे हा माझा हट्ट होता. या भागात जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव जागोजागी आहेत. आमच्याकडे विहिरींवरून भांडणं होतात तशी इथे तलावांवरून होतात, असं माधुरी म्हणाली. ती पूर्वी सडक अर्जुनीच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत सहा वर्षं होती. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाचं माझ्या हातून जे झालं तेवढं पुरे आहे.

सडक अर्जुनीला आम्ही बसमधून उतरलो तेव्हा महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती आणि ढाब्यासमोर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. काळे, दोन शिंगांचे, गरम. सांगलीत शिंगाडा म्हणजे उपवासाचं पीठ, तो झाडावर येतो की पाण्यात हेही मला नीट माहीत नव्हतं. मी सालासकट चावला आणि जिभेला शिंग लागलं. बाई हसली आणि दातांनी सोलायचा कसा ते तिने स्वतःचे तीन शिंगाडे खर्ची घालून दाखवलं.

गावात माधुरीने मला पार्बताकडे नेलं. पार्बता पंचेचाळीशीची असेल. ढीवरांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांची सून, आणि गावातल्या बायकांच्या गटाची अध्यक्ष. अंगाने काटक, बोलायला थेट. आम्ही टेकतो न टेकतो तोच तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"हा पाहा जी म्याडम. काय दिसून राहिलं?"

"आभाळ," मी म्हटलं. "आणि एक बगळा."

"तेच तं! खाली एवढा गाद आहे, अन् फोटोत नुसता आभाळ येते."

गाद म्हणजे पाण्याच्या तळाशी उगवणारी वनस्पती. पार्बताच्या तलावात ती पूर्वी भरपूर होती, मग बेशरमीच्या झुडपांनी काठ व्यापला आणि ती गेली. तिच्या आडोशाने अंडी घालणाऱ्या इथल्या लहान मासोळ्याही गेल्या. या बायकांनी दोन उन्हाळे कंबर कसून बेशरम उपटली. मग दुसऱ्या तलावातून टोपल्या भरभरून गाद आणि तिच्याच जातकुळीचा चिला आणला आणि गुडघाभर पाण्यात उतरून लावला.

"धानाचा रोवना करतो ना जी, तसाच," पार्बता म्हणाली आणि उठून लावणी करूनच दाखवू लागली. "मांगं मांगं सरकाचा. फक्त हाताच्या जागी पाय. अंगठ्यानं चिखलात दाबाचा अन् मांगं सरकाचा." सारवलेल्या अंगणात ती पावलापावलाने मागे सरकत गेली, पदर खोचून, खाली न पाहता. तिच्यामागे कोंबड्या बाजूला होत होत्या. अख्खा तलाव त्यांनी असा पायांनी लावला होता.

आता अडचण अशी होती. तलाव मासेमारांच्या सोसायटीकडे होता आणि सोसायटीत पाच गावांचे सभासद. तीन आठवड्यांनी आमसभा होती. येत्या पावसाळ्यात या तलावात ग्रास कार्पचं बी सोडायचं, असा ठराव सभेपुढे येणार होता. तो मासा झपाट्याने वाढतो, बाजारात चालतो, आणि खातो काय, तर पाण्यातली वनस्पती. एका हंगामात बायकांची दोन वर्षांची मेहनत त्याच्या पोटात गेली असती. सभेत हात वर करणारे निम्मे लोक बाकीच्या गावांचे. त्यांनी हा तलाव वर्षानुवर्षं पाहिलेला नव्हता आणि बायकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची त्यांची तयारी नव्हती. "फोटो दाखवा," असं ते म्हणाले होते.

सोसायटीचे अध्यक्ष दौलतभाऊ त्याच वेळी अंगणात आले. सायकल भिंतीला लावून त्यांनी नमस्कार केला. भला माणूस वाटला, आणि होताही.

"म्याडम, मी बायकायच्या विरोधात नाई," ते म्हणाले. "पन मेंबर मले विचारतेत, गाद आहे तं दाखव. मी काय दाखवू? आभाळ? फोटोत गाद दिसला तं मी पयला हात वर करीन. तुमच्या समोर सांगतो."

माझ्या पिशवीत पोलरायझिंग फिल्टर होता. ही एक गोल, गडद काच असते, भिंगावर बसवायची आणि फिरवायची. फिरवता फिरवता एका ठिकाणी पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि तळ दिसू लागतो. पार्बताला जे हवं होतं नेमकं तेच माझ्याजवळ होतं. माझी छाती केवढी फुगली असेल याची कल्पना वाचणाऱ्याने करावी. मी म्हटलं, "एवढंच ना? उद्या सकाळी काढून देते."

तलावावर

माधुरी तिच्या जुन्या शाळेत भेटायला गेली आणि सकाळी आठच्या सुमाराला पार्बता आणि मी पाळीवर पोचलो. तलावाच्या बांधाला इथे पाळ म्हणतात. पाणी शांत होतं, ऊन तिरपं, आणि पाचसात बायका आधीच येऊन बसल्या होत्या. मी फिल्टर काढला, पार्बताच्या हातात दिला आणि डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवायला सांगितलं.

तिने फिरवला. मग तिचा हात थांबला.

"अवं माय!" ती एवढंच म्हणाली.

मग फिल्टर सगळ्यांच्या हातून फिरला. काहीजणी हसत होत्या. एकीने बोटाने दाखवलं, ती ओळ माही, ती वाकडी ओळ शेवंताची. दोन वर्षं ज्या झाडांना त्यांनी फक्त पायांनी ओळखलं होतं ती त्या पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होत्या. खरोखर सुंदर दिसत होतं ते. हिरवे लांब पट्टे एका बाजूला झुकलेले आणि त्यांच्यातून बोटाएवढ्या मासोळ्या जाताहेत. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळावरची शिंपली मोजता आली असती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

पार्बताने फिल्टर परत माझ्याकडे दिला नाही. तो डोळ्यासमोरून काढायची, नुसती पाहायची, पुन्हा लावायची, असं तिने तीनदा केलं.

"म्याडम, याच्यातून अंधार पडून राहिला जी," ती म्हणाली. "तुमच्या कॅमेऱ्याले दिसंल का?"

मी हसले. माझ्या वर्गातल्या मुलांना हे हसू चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "अहो, ते कॅमेऱ्याला आपोआप कळतं. तुम्ही काळजी करू नका."

ज्या बॅटरीमुळे कॅमेऱ्याला ते कळायचं ती आमगावच्या घड्याळवाल्याकडच्या डब्यात पडली होती.

तिने आणखी एक गोष्ट विचारली. "हा काच माह्या मोबाईलसमोर धरला तं?"

"छे, मोबाईलवर नाही चालत ते," मी म्हटलं. "ती माझ्या भिंगाची काच आहे." हे मी कधीही करून पाहिलेलं नव्हतं. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांबद्दल माझं मत मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मताच्या जोरावर मी हे उत्तर दिलं, एका क्षणात, तिच्या हातातून फिल्टर घेता घेता.

मग आम्ही डोंग्यात बसलो. एकाच लाकडाचा कोरलेला, अरुंद. मी उजवीकडे कलले की तोही कलायचा. पार्बता मागे उभी राहून बांबूने ढकलत होती आणि माझ्या एका शब्दावर डोंगा जागच्या जागी थांबवत होती. मी वडिलांचा मीटर काढला, उजेड मोजला. सेकंदाचा एकशे पंचविसावा हिस्सा आणि एफ आठ. कॅमेऱ्यावर तेच लावलं, फिल्टर घट्ट बसवला, फिरवून चकाकी घालवली आणि फोटो काढायला लागले. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे फिल्मपर्यंत जेमतेम पाव उजेड पोचतो. एफ आठच्या जागी एफ चार हवा होता, म्हणजे भिंगाचं तोंड तेवढं जास्त उघडलं असतं. भिंगावरची कडी दोन खुणा फिरवायची, इतकं ते सोपं आहे. मी ती फिरवली नाही. नऊ सालापासून जे मी फळ्यावर लिहिते ते त्या सकाळी माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण मी पाण्यात पाहत होते आणि स्वतःवर खूश होते.

कॅमेऱ्यात स्लाइड फिल्म होती. साधी फिल्म चूक थोडीफार सांभाळून घेते, स्लाइड काहीही सांभाळत नाही. खात्री नसेल तर एक फोटो जास्त उजेडाचा, एक कमी उजेडाचा काढून ठेवावा, हेही मी शिकवते. पण रोल शेवटचा होता आणि मला खात्री होती. बावीस फोटो काढले, बावीसही एकाच मापाने.

परत आल्यावर पार्बताने जेवायला घातलं. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेतला मोठा, तुकडे करून. इथे ताटात अख्ख्या लहान लहान मासोळ्या आल्या, अंबाडी घातलेल्या आंबट रश्शात, आणि भाताचा डोंगर. "हा दाडक. गाद आला तवा हा वापस आला," असं सांगत तिने माझ्या ताटात आणखी चार वाढल्या. स्वतःच्या ताटात तिने रस्साच घेतला होता. ते मी पाहिलं होतं आणि तरी नको म्हटलं नाही.

निघताना ती फाट्यापर्यंत आली. "म्याडम, सभेच्या पयले येईल ना जी फोटो?"

"सभेच्या आठवडाभर आधी," मी म्हटलं. हे मात्र मी पाळलं.

सांगली

रोल धुवायला मुंबईला पाठवला. आठव्या दिवशी पाकीट आलं. मी खिडकीशी जाऊन पट्टी उजेडात धरली. सुरुवातीचे सारस छान आले होते, आतल्या मीटरवर काढलेले. त्यांच्यापुढे बावीस काळे चौकोन होते. नीट निरखलं तर एकात डोंग्याचं टोक आणि एकात राखाडी झालेला बगळा. बाकी सगळा काळोख.

मी आधी मुंबईला फोन लावला आणि रोल धुणाऱ्या माणसाला झाडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, त्याच पट्टीवरचे आधीचे फोटो बरोबर आहेत ना? मग धुण्यात चूक कशी असेल?" मी फोन ठेवला. फोटो काढताना मी एका वहीत नोंद ठेवते. ती उघडली. माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'तलाव. हातातला मीटर. १/१२५, एफ ८. पोलरायझर लावून.' सगळं एकाच ओळीत, एकाशेजारी एक. व्याख्यानात मी हाच प्रश्न मंडळींना घालते आणि चूक शोधायला सांगते.

चूक कोणाकडूनही होते. इथपर्यंतचं मी एखाद वेळी मंडळात हसत हसत सांगितलंही असतं. पुढचं मी आजवर माधुरीलाही सांगितलेलं नाही.

दोन दिवस मी त्या स्लाइडी स्कॅन करून उजळायचा प्रयत्न केला. जांभळट कचरा तेवढा वर आला. तिसऱ्या दिवशी पार्बताचा संदेश आला, 'म्याडम फोटो आला का'. मी उत्तर लिहायला घेतलं. 'माझी चूक झाली' असं लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. डोळ्यांपुढे ते अंगण येत होतं, दौलतभाऊ येत होते, आणि माझं ते 'एवढंच ना?' कानात वाजत होतं. शेवटी मी त्यातल्या त्यात उजळ केलेला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'पाण्यात गाळ होता, त्यामुळे तळ नीट आला नाही. क्षमस्व.'

गाळ. त्या पाण्यात. क्षमस्व लिहिताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

सभेनंतर माधुरीचा फोन आला. पार्बताने आपल्या भोळेपणाने मोबाईल दौलतभाऊंच्या हातात दिला होता. तिला वाटलं, निदान फोटो काढायला बाई आली होती एवढं तरी लोकांना कळेल. दौलतभाऊंनी फोटो पाहिला, मग खालची ओळ सभेत मोठ्याने वाचून दाखवली. एवढ्या लांबून आलेल्या म्याडमही गाळ आहे म्हणतात, तिथे गाद कुठून येणार, असं कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. ठराव झाला. पार्बता उभी राहून सांगत होती, पानी साफ होता, मी डोळ्यानं पाह्यलं. तिचं कोणी ऐकलं नाही. "बिचारीचं नशीब बघ," माधुरी म्हणाली, "नेमका तुझ्या वेळेला गाळ यावा." मी "हो ना" म्हटलं.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात पितळी परात पाण्याने भरली, तळाशी कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या आणि खिडकीच्या उजेडात ठेवली. पाण्यावर खिडकी चकाकत होती. मोबाईल काढला, त्याच्या भिंगासमोर दोन बोटांनी फिल्टर धरला आणि फिरवला. खिडकी गेली. काड्या दिसल्या, एकेक पान दिसलं. उजेडाचा हिशेबही मोबाईलने आपला आपण केला, कारण तो त्या काचेतूनच पाहत होता. माझा मीटर बाहेर उभा होता तसा तो बाहेर उभा नव्हता. फोटो काढायला मला चार सेकंद लागले. मी परातीशेजारी फरशीवर बसून राहिले, आणि संध्याकाळी धुणंभांड्याच्या मावशींनी विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?"

आणखी चार दिवस घेतले मी. मग फोन लावला.

"हालो, म्याडम? तब्येत बरी आहे ना जी?" पार्बताने आधी हेच विचारलं.

मी सगळं सांगितलं. मीटर, कडी, दोन खुणा. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. मलाच माझ्या बोलण्याचा कंटाळा आला. मग गाळाचं सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हंजे पानी साफ होता," ती म्हणाली.

"हो."

"अन् तुमाले मालूम होता."

"हो."

"मंग गाळ आहे असं काऊन लिवल्या?"

"लाज वाटली म्हणून."

"तुमाले लाज वाटली म्हनून आमचा तलाव गेला जी." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "आणखी एक आहे. ती काच मोबाईलवर चालते."

"तुमी तं नाई म्हनल्या होत्या."

"मी करून पाहिलं नव्हतं."

ती मग म्हणाली, "मी करून पाह्यलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी फिल्टर मऊ फडक्यात गुंडाळला आणि कुरिअरने पाठवून दिला. सोबत ठेवायला, कसा धरायचा, किती फिरवायचा, ऊन कुठल्या बाजूला हवं, असं पानभर लिहिलं होतं. वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. तो फिरवायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. पावसाळ्याच्या आत दुसरी सभा मागायचं त्या बायकांनी ठरवलं आहे, हे मला माधुरीकडून कळलं. पार्बताने मला ते कळवलेलं नाही. दौलतभाऊ अर्ज घेतील की नाही, अजून ठरलेलं नाही.

आठ दिवसांनी पार्बताच्या मोबाईलवरून एक फोटो आला. हिरवे लांब पट्टे, एका बाजूला झुकलेले. त्यांच्या मधून जाणाऱ्या मासोळ्या, शेपट्यांसकट. तळावरची शिंपली मी मोजली, अकरा भरली. कोपऱ्यात काच धरलेल्या अंगठ्याची कड आली होती. विचारपूस नव्हती, आभार नव्हते. खाली तीनच शब्द लिहिले होते:

'पानी साफ आहे.'